तंबाखूची सवय आणि निकोटिनला अडविणारी औषधे

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील रांजणगाव महागणपतीसाठी जसे प्रसिद्ध, तसेच औद्योगिक वसाहतीसाठीही. रात्रपाळीत झोप आवरण्यासाठी तंबाखूची चिमूट तोंडात धरणे अशा वसाहतींना नवे नाही. पहिल्या चिमटीने ज्याला घेरी येते, त्यालाच पुढे अख्खी पुडी पुरत नाही. औषधशास्त्र यास सहनशीलता म्हणते. व्यसन सोडविणाऱ्या औषधांचे यशापयश बरेचसे तिच्यावर अवलंबून असते.

मेंदूतील पेशींवर ॲसिटिलकोलीन या रसायनाचे ग्राही असतात. निकोटिन त्यांवरच जाऊन बसते. (तंबाखूत चुना मळला की ते तोंडाच्या अस्तरातून अधिक सहजपणे शोषले जाते.) सततच्या माऱ्याने ग्राही बधिर होतात आणि त्यांची संख्या वाढते. रात्रभराच्या खंडानंतर ते पुन्हा जागे होतात. सकाळची तलफ तीव्र असण्याचे हे एक कारण मानले जाते.

मग ग्राहीच बंद केले तर? मेकॅमिलामाइन हे १९५०च्या दशकात उच्च रक्तदाबासाठी वापरात आलेले औषध नेमके हेच करते. परंतु प्रयोगांत ते घेतलेल्यांनी प्रारंभी अधिक धूम्रपान केले. अडथळा झाला, तो जणू मात्रा कमी पडल्यासारखा भासला! शिवाय मेंदूबाहेरील मज्जासंस्थेतील ग्राहीही ते अडवीत असल्याने बद्धकोष्ठता, उठताना चक्कर असे त्रास होतात.

अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळालेले व्हॅरेनिक्लीन अधिक चतुर म्हणावे लागेल. ते ग्राहीवर स्वतः बसून त्यास थोडेसेच उत्तेजन देते. त्यामुळे तलफ निवळते आणि वरून घेतलेल्या निकोटिनला जागा उरत नाही. तंबाखू सोडण्याच्या एक आठवडा आधी ते सुरू करतात. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमपासून वाढवीत नेतात. क्रम साधारणतः १२ आठवड्यांचा असतो. मळमळ व चमत्कारिक स्वप्ने पडणे हे त्याचे नेहमीचे उपद्रव. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये.

यातील बहुतेक अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवरचे आहेत. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरतात. धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आसपास. मिश्री लावणाऱ्या बाईला तर आपण निकोटिन घेतो याची कल्पनाही अनेकदा नसते. डॉक्टरांनी तिला तसे मुद्दाम विचारावयास हवे.