हुबेहूब म्हणजे किती?

मळवली स्टेशनला उतरायचं, भाजे गाव ओलांडायचं आणि पायऱ्या चढून वर जायचं. समोर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं चैत्यगृह दिसतं. त्याचे अष्टकोनी खांब सरळ नाहीत. वर जाताना ते आतल्या बाजूला कलतात. लाकडी इमारतीत या कलण्याला कारण होतं. कमानदार छपराचा बाहेरच्या बाजूला येणारा रेटा खांबांना पेलावा लागे. भाज्याला छप्पर म्हणजे अखंड डोंगर, त्यामुळे रेट्याचा प्रश्नच नव्हता. तरीही कारागिरांनी कल जपला. छताला लाकडी फासळ्या बसवल्या. त्या कसलाही भार घेत नाहीत. पुढे दरीपलीकडे कार्ल्याचं चैत्यगृह खोदलं गेलं, तेव्हा खांब सरळ झाले. फासळ्या मात्र लाकडाच्याच राहिल्या.

एका माध्यमात घडलेली रचना दुसऱ्यात नेताना काय जपायचं आणि काय सोडायचं, याची दोन वेगळी उत्तरं मावळात अशी समोरासमोर उभी आहेत. जुने गेम कन्सोल मोबाइलवर किंवा हातात मावणाऱ्या छोट्या यंत्रावर चालवणं शक्य आहे का, या वादाच्या तळाशी हाच प्रश्न आहे. ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ असं दोन्ही बाजूंनी ठासून सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात, कारण ‘चालणं’ याचा दोघांचा अर्थ वेगळा असतो. या विषयात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याने एवढं मनाशी धरलं, तर पुढची वाट सोपी होते.

तत्त्वाचा भाग जुना आहे. एक सर्वसाधारण संगणकयंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राचं काम करून दाखवू शकतं, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्ये मांडलं. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० जाहीर करताना ग्राहकांचे जुन्या १४०१ यंत्रावरचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालतील अशी सोय केली, आणि तीही धंद्याची गरज म्हणून. राहतो तो वेळेचा हिशेब. खेळाला सेकंदाला ६० चित्रं लागतात, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात जुन्या यंत्राचा प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाज या तिन्हींचं काम उरकायला हवं.

आता दोन उदाहरणं शेजारी ठेवू. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ चा. त्याचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. त्याच कंपनीचं हातात धरायचं गेम बॉय ॲडव्हान्स २००१ चं, १६.७८ मेगाहर्ट्झचं. वेग जेमतेम नऊपट. जुन्या यंत्राची प्रत्येक सूचना वाचायची, ओळखायची आणि नव्या यंत्राच्या अनेक सूचनांनी पार पाडायची, तर नऊपट वेग फार अपुरा वाटतो. तरीही ‘पॉकेटनेस’ नावाच्या एम्युलेटरने, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्राचं अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमने, हे करून दाखवलं. त्याचं रहस्य असं, की चित्राचं काम त्याने प्रोसेसरवर टाकलंच नाही. दोन्ही यंत्रं छोटे चौकोनी तुकडे जोडून चित्र बनवतात, म्हणून ते काम थेट नव्या यंत्राच्या चित्रचिपकडे सोपवलं. उरलेल्या प्रोसेसरच्या कामासाठी हाताने लिहिलेली, काटकसरीची असेम्ब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांची भाषा. पडदा २४० बाय १६० ठिपक्यांचा आणि मूळ चित्र २५६ बाय २४० चं, त्यामुळे ते उभ्या दिशेने दाबावं लागलं. सगळे खेळ बरोबर चाललेही नाहीत. पण बसमध्ये बसून मारियो खेळणाऱ्याला ते पुरेसं होतं. माझ्या मते ही या क्षेत्रातली अतिशय देखणी कारागिरी आहे.

दुसरं उदाहरण नीअर या टोपणनावाने काम करणाऱ्या प्रोग्रॅमरचं. त्यांच्या ‘बीएसनेस’ने सुपर निन्टेन्डो या यंत्राचं अनुकरण चिपच्या एकेका ठोक्यापर्यंत नेलं. मूळ प्रोसेसर फार तर ३.५८ मेगाहर्ट्झचा, त्यासाठी ३ गिगाहर्ट्झचा संगणक मागितला गेला, म्हणजे आठशेपटींहून जास्त. एवढा अट्टहास कशासाठी? ‘एअर स्ट्राइक पॅट्रोल’ या खेळात विमानाची जमिनीवर सावली पडते. एक ओळ रेखाटली जात असताना मध्येच उजेड कमी-जास्त करून ती उमटवलेली आहे. जो एम्युलेटर एकेक ओळ एका दमात काढतो, त्यात विमान दिसतं पण सावली येत नाही. बहुतेक खेळाडूंना त्याने फरक पडत नाही. जतन करणाऱ्याला पडतो, कारण मूळ यंत्रं एक दिवस बंद पडणार आहेत. दोन्ही उदाहरणांतली यंत्रं वेगळी, त्यामुळे आकडे एकास एक ताडता येणार नाहीत. पण नऊपटीपासून आठशेपटीपर्यंतचं अंतर मुख्यतः अचूकतेच्या हट्टाने पडलेलं आहे.

मराठी वाचकासाठी इथे एक खास प्रश्न उभा राहतो. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आला तो अस्सल फॅमिकॉम क्वचितच. आल्या त्या ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांच्या नकला आणि त्यांत घालायच्या, लाखो खेळांचा दावा करणाऱ्या कॅसेटी. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. पालसाठी बनवलेल्या अशा यंत्रांत खेळाचा वेग चित्रांना बांधलेला असल्यामुळे मारियो जपानमधल्यापेक्षा सहाव्या हिश्श्याने हळू धावे आणि पार्श्वसंगीताची लयही तेवढीच संथ होई. आज फोनवर अचूक एम्युलेटर उघडला की खेळ घाईत असल्यासारखा वाटतो. ‘मेसेन’सारख्या एम्युलेटरमध्ये ‘डेंडी’ हा पर्याय निवडता येतो. रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकलेचं ते नाव. तो निवडला की आपल्या लहानपणचा वेग परत मिळतो. मग मूळ कोणतं, क्योटोत बनलेलं की कोथरूडच्या दिवाणखान्यात खेळलेलं? मला वाटतं, दोन्ही जपायला हवीत, आणि दुसऱ्याची नोंद आपल्याशिवाय कोणी करणार नाही.

काही अडचणी वेगाने सुटत नाहीत. ‘डक हंट’ या बदकं टिपायच्या खेळाची बंदूक जुन्या काचेच्या पडद्याचा उजेड नेमक्या क्षणी टिपत असे, फोनच्या पडद्यावर तो क्षणच येत नाही. बोटाने बदकावर टिचकी मारता येते, पण तो वेगळा खेळ झाला. काचेवर बटण बोटाला लागत नाही, हीदेखील खरी उणीव आहे. काही अडचणी परवानगीच्या आहेत. गेमक्यूबसारख्या नंतरच्या यंत्रांसाठी सूचनांचे गठ्ठे खेळ चालू असतानाच फोनच्या प्रोसेसरच्या भाषेत बदलावे लागतात. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये ॲप स्टोअरवर एम्युलेटरना दार उघडलं, पण ही सोय दिली नाही. फोनच्या अंगात बळ असूनही वापरता येत नाही. कायद्याची बाजूही समजून घ्यावी. एम्युलेटर बनवणं आणि दुसऱ्याचा खेळ फुकट उतरवून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ स्वतः रीतसर मिळवलेल्या प्रतीवरून बिगर-व्यावसायिक, वैयक्तिक वापरासाठी नक्कल करू देतं. इंटरनेटवरच्या ढिगाला ते लागू होत नाही.

या विषयात यायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. थोडं प्रोग्रॅमिंग, द्विमान अंकांची ओळख आणि चिकाटी पुरते. सुरुवात ‘चिप-८’ पासून करावी. सत्तरच्या दशकातली ही छोटी काल्पनिक यंत्ररचना पस्तीसेक सूचनांची, ४ किलोबाइट स्मृतीची, ६४ बाय ३२ ठिपक्यांच्या पडद्याची. काही दिवसांत ती आपल्या फोनवर चालती करता येते. त्यानंतर गेम बॉय घ्यावा, कारण त्याचं दस्तऐवजीकरण उत्तम आहे आणि आपला एम्युलेटर कुठे चुकतो हे दाखवणारे चाचणी-प्रोग्रॅम मोफत मिळतात. फॅमिकॉम तिसरा. तिथे पोचलात की माळ्यावरची जुनी नक्कल खाली काढा, तिच्यावर एक खेळ लावा, घड्याळ लावून त्याचा वेग मोजा आणि यंत्राच्या नावासकट वहीत लिहून ठेवा.