अल्पमोली, बहुगुणी भुते

‘झोंबी’ हा शब्द कानी पडला की मराठी माणसाला मातीतली झटापट आठवते. इंग्रजी बोलपटांत याच नावाने वावरणारे भूत मात्र निराळ्या मुलखातले, कॅरिबियन समुद्रातील हैतीचे. आपला वेताळही प्रेतात वस्ती करतो. परंतु तो मोठा बहुश्रुत, विक्रमाला कोडी घालणारा. झोंबीला वाचा नाही आणि इच्छाही नाही. फ्रेंच मळेवाल्यांच्या उसात राबराबून मेलेल्या गुलामांच्या वंशजांनी जपलेली ही कल्पना आहे : मरणानेही ज्याची वेठ सुटली नाही असा मजूर! गुलामाला याहून भयंकर ते काय वाटणार?

१९१५ ते १९३४ या काळात हैतीवर अमेरिकन फौजांचा अंमल होता. त्याच काळात ही कल्पना अमेरिकेत रुजली आणि १९३२ साली हॅल्पेरिन बंधूंनी ‘व्हाइट झोंबी’ हा बोलपट काढला. पैसा बेताचा, नेपथ्यही दुसऱ्यांच्या चित्रपटांचे, भाड्याने आणलेले. तरीही त्यातील साखरेच्या कारखान्याचे दृश्य पाहणारा ते विसरत नाही. एक मजूर चालत्या घाण्यात पडतो, आणि बाकीचे चाक फिरवीतच राहतात. वेठबिगारीचे याहून बोलके चित्र आम्ही तरी पडद्यावर पाहिलेले नाही.

आमचा हा नाद ऐकून स्नेही हसतात. त्यांना आम्ही पेन्सिल्व्हेनियातील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहराची हकीकत सांगतो. जाहिरातपट काढून चरितार्थ चालविणाऱ्या जॉर्ज रोमेरोने व त्याच्या मित्रांनी आपसांत वर्गणी काढून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट हाती घेतला. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. घर मिळाले ते पाडायला काढलेले. रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक, कारण कृष्णधवल फितीवर तो रक्तासारखाच दिसतो. प्रेते झाली ती बहुतेक आसपासचीच माणसे. गंमत अशी की, या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

आमचे म्हणणे असे की, येथे दारिद्र्यानेच कलेचे काम केले. भयंकर सोंगे आणण्याची ऐपत नसल्यामुळे दाराशी आला तो रोजच्या कपड्यांतला शेजारी. हैतीच्या झोंबीवर हुकूम चालविणारा धनी असे. याला धनीच उरला नाही. २०१३ च्या ‘वर्ल्ड वॉर झेड’मध्ये जेरुसलेमच्या तटावर हजारो प्रेते मुंग्यांसारखी चढतात. कोट्यवधी डॉलरांचा तो देखावा पाहून डोळे दिपतात, परंतु छातीत धस्स होत नाही. कारण त्या लोंढ्यात ओळखीचा चेहराच नाही.

रोमेरोच्या कथेत सात माणसे एका घरात अडकतात आणि तळघरात दडावे की वरच झुंजावे यावर भांडत बसतात. अखेरीस वरच झुंजण्याचा आग्रह धरणारा नायक बेन जगतो तो तळघरातच! रात्र ओसरते, तो वर येतो, आणि गावकऱ्यांची सशस्त्र टोळी त्यालाही प्रेत समजून गोळी घालते. ही भूमिका करणारा ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय होता. भूमिका लिहिताना वर्णाचा विचार नव्हता. चाचणीत तो सर्वांत सरस ठरला, एवढेच. परंतु ४ एप्रिल १९६८ रोजी तयार प्रत घेऊन रोमेरो न्यूयॉर्ककडे निघाला असता रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. १ ऑक्टोबरला चित्रपट पिट्सबर्गमध्ये झळकला तेव्हा त्या शेवटाला निर्मात्यांनी न योजलेला अर्थ येऊन चिकटला होता.

पुढचा प्रकार कोणाही दफ्तरी माणसाला चुटपुट लावणारा आहे. वितरकाने चित्रपटाचे मूळ नाव बदलले, आणि नव्या नामपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सूचना नाही म्हणजे हक्कही नाही! एका ओळीच्या गफलतीने निर्माते मोठ्या उत्पन्नाला मुकले. मात्र चित्रपट सर्वांचा झाला. वाटेल त्याने दाखवावा, वाटेल त्याने छापावा. त्याच्या कीर्तीला हा मुक्त संचार फार उपयोगी पडला. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. निर्मात्यांची हानी मात्र त्याने भरून येत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

हे भूत फिरत फिरत डोंबिवलीलाही येऊन गेले. २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ हा मराठी चित्रपट आला. आम्हां बदलीवाल्यांना त्याचे नवल वाटू नये. परमुलखात बिऱ्हाड थाटले की नातलग दूर राहतात आणि शेजार हाच आधार उरतो. रात्री कोणी दार ठोठावले तर ते उघडावे की नाही, आणि सकाळी आपण बाहेर आलो तर समोरचा आपल्याला माणूस म्हणून ओळखील ना, हे दोन प्रश्न त्या मोडकळीस आलेल्या घराने विचारले. ते विचारायला पैसा लागत नाही, हे पिट्सबर्गच्या त्या मंडळींनी सिद्ध केले.