तसबीर-सजावट, घरगुती (छत्रपती संभाजीनगर व परिसर)

विकत आणलेल्या छापील चित्राला किंवा स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोला घरातल्याच सामानाने चौकट, काठ आणि अलंकार चढवून ते भिंतीवर लावण्याची कला. जरी, टिकल्या, काचेचे मणी, लोकर, जुन्या लुगड्यांचे काठ, हिमरूचे तुकडे, पुठ्ठा, लग्नपत्रिका आणि हातकागद ही तिची साधने. मराठवाड्यात, आणि तेव्हाच्या औरंगाबाद शहरातही, ती बहुतांशी बायकांनी जोपासली. तिच्यावर सही करण्याची रीत कधी नव्हती. चित्रकाराचे नाव राहिले, छापखान्याचे राहिले. चित्राला घराचे करून घेणारा हात मात्र नोंदीबाहेर गेला. या विषयावर लिहिताना म्हणूनच चित्रापेक्षा त्याच्या काठाकडे अधिक पाहावे लागते.

मराठी घरांच्या भिंतींवर छापील तसबिरी मोठ्या प्रमाणावर आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथे छापलेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघर पोचल्या. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते; १९०० च्या सुमारास मनमाडकडून रेल्वे आली आणि मुंबईचा माल जवळ झाला.

या चित्रांवर महाराष्ट्रात आणि दक्षिणेत एक विलक्षण काम झाले. देवीच्या छापील लुगड्याच्या आकाराचे खरे रेशमी कापड बेतून ते चित्रावर बसवत. काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, मुकुटाला सोनेरी कागद किंवा तार. चेहरा, हात आणि पावले यांना हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. सुईच्या भोकांच्या रांगेवर कागद फाटतो, म्हणून आधी चित्राच्या पाठीला खळीने पातळ कापड चिकटवत. टिकल्या काचेला टेकून झिजू नयेत म्हणून चित्र आणि काच यांच्यामध्ये बारीक लाकडी पट्टी घालत. हे काम नीट पाहिलेल्या माणसाला त्याला ‘नटवणे’ म्हणून बाजूला सारता येणार नाही. कापडाची चुणी कुठे पडावी आणि पदर खांद्यावर कसा वळावा हे ठरवणाऱ्या बाईला छापील रेषा वाचता येत होती, आणि ती लुगडे रोज नेसत होती.

या शहराचा फायदा असा की काठासाठी लागणारे साहित्य आसपासच तयार होत असे. हिमरू हे इथले खास कापड. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा, त्यावर वेलबुट्टी. त्याच्या मागच्या बाजूला सुटे धागे राहतात, त्यामुळे कापलेली कड लगेच उसवते. चौकटीवर हिमरू लावायचे तर कड आधी खळीने बसवून मग दुमडावी लागते. सुमारे ५० किलोमीटरवरच्या पैठणच्या पैठणीचे उलटे आहे. तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. झिजलेल्या पैठणीतून एखादा मोर किंवा आसावलीची वेल वाचली असेल, तर ती काचेत बसवण्याची चाल आजही घरांतून दिसते, आणि त्या तुकड्याची कोणतीही बाजू पुढे करता येते.

तिसरे साहित्य म्हणजे कागजीपुऱ्याचा हातकागद. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणारे हे गाव. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा कागदी कारागीर इथे आले अशी परंपरा सांगितली जाते. चिंध्या, जुने दोरखंड आणि रद्दी भिजवून कुटायची, तो लगदा हौदात कालवायचा, चाळणीसारख्या साच्यावर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, अशी ही पद्धत. साच्यातून निघालेल्या तावाची कड ओबडधोबड असते आणि चौकटीत तीच शोभते. पण खरे महत्त्व टिकाऊपणाचे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदातून आम्ल सुटत जाते आणि त्याला टेकलेला फोटो पिवळा पडतो. चिंध्यांच्या कागदाने तसे होत नाही. आजीच्या लग्नाचा फोटो वर्तमानपत्राच्या कागदावर चिकटवणाऱ्यांनी एवढे एक जरी ध्यानात घेतले, तरी पुष्कळ फोटो वाचतील.

कोणते चित्र लावायचे हे घरागणिक बदलते, काठ मात्र एकमेकांकडून उचलले जातात. दलित-बौद्ध घरांत तथागत बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरी शेजारीशेजारी असतात. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय; त्यामुळे या तसबिरींना या शहरात आपल्या गावच्या माणसाच्या फोटोची जवळीक आहे. मुसलमान घरांत मक्का-मदिनेचे चित्र किंवा सुलेखनातला कलमा काळ्या वा हिरव्या मखमलीवर जरीने सजवतात. आणि अजिंठा तर जिल्ह्यातलाच. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर काढलेले चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले, पण ते ग्रंथालयांत राहिले. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घराघरांत गेला तो कॅलेंडर आणि पोस्टकार्डांवरून. वर्ष सरले की कॅलेंडरवरचा पद्मपाणी कापून पुठ्ठ्यावर चढवायचा, ही या भागातली सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत सुंदर तसबीर.

जुन्या घरांत तसबिरी उंचावर, वरच्या कडेने पुढे झुकलेल्या टांगत. माणसे जमिनीवर बसत. खालून वर पाहताना चित्र समोर यावे आणि काचेवर उजेड चमकू नये, हा त्यामागचा हिशेब. आता बैठक सोफ्याची झाली, तरी काही घरांत खिळा तिथेच राहिला आहे.

भरतकाम आणि विणकाम हा याच कलेचा दुसरा हात. दोसुतीवर फुलीच्या टाक्याने काढलेले ‘सुस्वागतम्’, राघूमैना, रांगता कृष्ण हे नमुने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बैठकीच्या खोल्यांची ओळख होते. लोकरीची आणि मण्यांची तोरणे दारावर येत, आणि त्यांतली पुष्कळशी रुखवतासाठी केलेली असत. लग्नात वधूपक्षाने मांडलेले रुखवत पूर्वी मुख्यतः फराळाचे. पुढे त्यात सुपारीचे भटजी आणि वाजंत्री, कापडी बाहुल्या, भरलेल्या चौकटी आल्या. मुलीच्या हातकामाचे सार्वजनिक कौतुक होण्याची ती बहुधा एकमेव जागा होती. गणपतीच्या मखरातही हेच हात चालत. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठा आणि कागद परत आले, हे चांगलेच झाले.

साधी चौकट करण्याची रीत अशी. फोटोपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन इंच मोठे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यावेत. एकात खिडकी कापावी. ती फोटोपेक्षा प्रत्येक बाजूने जवभर लहान हवी. खिडकीच्या तुकड्यावर कापड उलटे पसरून बाहेरचे कोपरे तिरके छाटावेत, आतल्या कोपऱ्यांना कर्णरेषेत चीर द्यावी आणि कड मागे ओढून चिकटवावी. खळ मैद्याची: पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात टाळावे. चौकट जड वह्यांच्या चळतीखाली रात्रभर दाबून ठेवावी. फोटो मात्र पूर्ण चिकटवू नये, फक्त वरच्या दोन कोपऱ्यांवर टेकवावा. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्याला हलायला जागा नसली की सुरकुत्या पडतात. शाळांतल्या कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांच्या आणि लग्नपत्रिकांच्या चौकटी करून घेतात, त्यांतही हीच चूक सर्रास होते.

जुनी सजवलेली तसबीर हाती आली तर ओले फडके लावू नये. रंग आणि खळ दोन्ही सुटतात. काच काढण्याआधी तसबीर पालथी न घालता आडवी, चित्राची बाजू वर ठेवावी, म्हणजे सैल टिकल्या जागेवर राहतात. जर काळी पडली असेल तर ती चिंचेने किंवा दागिन्यांच्या पावडरीने घासू नये, काळीच राहू द्यावी. मागचा पुठ्ठा बदलावा लागला, तर त्यावर चिकटलेला छापखान्याचा किंवा स्टुडिओचा कागद जपून वेगळा करावा, आणि काम कोणी, कोणाच्या लग्नात किंवा कोणत्या गावी केले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नव्या पुठ्ठ्यावर लिहावे. पेन्सिलीने लिहावे, शाई ओलीने पसरते आणि पुढच्या बाजूला उमटते.