मोर्ससाहेबांचा लुईस

खून हा विषय मला मुळातच सोसत नाही. डास मारताना तळहाताला रक्ताचा ठिपका लागला तरी मी पंख्याखाली जाऊन बसतो. त्यामुळे मुलाकडे इंग्लंडात, रेडिंग गावी, तीन महिने राहून मी काय केले असे कोणी विचारले की माझी जीभ अडखळते. खरे उत्तर असे, की मी तेथे दुपारचे जेवण झाल्यावर नेमाने खून पाहिले.

त्याचे असे झाले. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर जात. बाहेर पाऊस. त्या पावसाला आपल्या पावसासारखी पडण्याची हौस नाही, नुसती नोकरी केल्यासारखा ठिबकत राहतो. अशा एका दुपारी टीव्हीवर ‘इन्स्पेक्टर मोर्स’ नावाची जुनी मालिका लागली आणि आमची ही विणकाम खाली ठेवून म्हणाली, ‘‘अहो, हा इन्स्पेक्टर तुमच्यासारखाच दिसतोय. कुणावर तरी सारखा चिडलेला.’’

एवढ्या कौतुकानंतर मालिका सोडणे शक्यच नव्हते.

ही मालिका ६ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि १५ नोव्हेंबर २००० रोजी संपली. भाग अवघे तेहतीस. पण एकेक भाग जाहिराती धरून दोन तासांचा! तासाभरात खून, तपास आणि अटक उरकण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला दोन तास बसवून ठेवायचे, तेही ऑक्सफर्डच्या दगडी इमारती, हिरवळी आणि प्राध्यापकांची भांडणे दाखवून, हे धाडसच होते. प्रेक्षक बसले. पुढे पुढे तर एका रात्री दीड कोटीवर लोक बसत.

मोर्सचा जनक कॉलिन डेक्स्टर हा पेशाने ग्रीक-लॅटिनचा मास्तर. ऐकू कमी येऊ लागले म्हणून शिकवणे सोडावे लागले आणि तो ऑक्सफर्डच्या परीक्षा मंडळात नोकरीला लागला. एकदा बायकामुलांना घेऊन वेल्समध्ये सुटीवर गेला, तर पाऊस थांबेना आणि मुलांची कुरकुरही थांबेना. हाताशी एक भिकार रहस्यकथा होती. ती वाचून त्याला वाटले, याहून बरी तर मी लिहीन. असे आपल्यालाही वाटते, पण आपण नंतर झोपतो. हा लिहायला बसला. पहिली कादंबरी १९७५ साली आली. गडी शब्दकोड्यांचा नादी. मोर्स हे नाव त्याने एका कोडेबहाद्दराचे घेतले आणि लुईस हे दुसऱ्याचे. संगीतकारही त्याच पंथातला. त्याने शीर्षकसंगीतात ‘मोर्स’ हे नाव मोर्सच्या तारायंत्री कड-कट्टमध्ये वाजवले आणि कधी कधी पार्श्वसंगीतात खुन्याचे नावसुद्धा दडवून ठेवले. आमच्या हिला त्याची गरज पडत नसे. ‘‘तो बघा, प्रेत सापडल्याचं कळल्यावरसुद्धा चहात साखर मोजून घालतोय,’’ असे म्हणून ती पहिल्या अर्ध्या तासातच निकाल लावून टाकी.

मोर्सला मात्र दोन तास लागत. आणि हाच मला त्याच्यातला सर्वांत मोठा गुण वाटला. हा गृहस्थ चुकतो! होम्स चुकत नाही, पॉयरो चुकत नाही, त्यामुळे त्यांच्यासमोर आपण शाळा तपासणीच्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखे अंग चोरून बसतो. मोर्स पहिल्याच भागात एका ग्रीक शोकांतिकेचा आधार घेऊन अशी भव्य उपपत्ती मांडतो की ऐकतच राहावे. आणि ती साफ चूक निघते. शिवाय त्याला उंचीची भीती. रक्त तर बघवतच नाही. प्रेत दिसले की खुनाचा हा तपासनीस तोंड फिरवतो. मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो. चाळीस वर्षे जिला लोक भित्रेपणा म्हणत आले, ती तर बुद्धिमत्तेची खूण निघाली!

जॉन थॉ या नटाने तो असा उभा केला की चीड यावी आणि दयाही यावी. लग्न नाही. घरी वाग्नरचे संगीत, दारात लाल जॅग्वार गाडी, हातात बिअर. ज्या बाईवर मन जडावे तिचा नेमका खटल्याशी संबंध निघावा. स्वतःचे पाळण्यातले नाव तो दहा वर्षे कुणाला सांगत नाही. १९९७ साली सांगितले, तेही शब्दकोडे घालून. नाव निघाले ‘एन्डेव्हर’. म्हणजे आपल्याकडे मुलाचे नाव ‘खटाटोप’ ठेवण्यासारखे. माझेही पाळण्यातले नाव असेच असल्यामुळे मी या विषयावर जास्त बोलत नाही.

पण मालिका मोर्सची असली तरी मला हळूहळू दिसू लागला तो त्याचा हाताखालचा सार्जंट लुईस. कादंबरीतला लुईस वयाने मोठा आणि वेल्सचा. टीव्हीवाल्यांनी तो तरुण केला, न्यूकॅसलकडचा केला आणि केव्हिन व्हेटली या नटाच्या हवाली केला. साधा, संसारी माणूस. अंडे आणि बटाट्याचे चिप्स मिळाले की खूश. घरोघर हिंडायचे त्याने. कागद चाळायचे त्याने. मोर्सच्या बिअरचे पैसेही बहुधा त्यानेच द्यायचे. वर व्याकरणाच्या चुका साहेबांकडून काढून घ्यायच्या. आणि तपास अगदीच अडला, की हाच लुईस सहज काहीतरी बोलून जातो आणि साहेबांच्या डोक्यात एकदम दिवा लागतो. दिवा साहेबांचा, तेल लुईसचे.

येथे मात्र माझे खुर्चीतले ताठ बसणे ढिले पडले.

कारण मलाही एक लुईस होता. सरकारी कचेरीत माझ्या हाताखाली एकोणीस वर्षे. कुठल्या फायलीत कुठली टिपणी आणि कुठला जावक क्रमांक, ते त्याला पाठ. मी अडलो की तो टेबलाशी येऊन पुटपुटे, ‘‘साहेब, असंच एक प्रकरण मागं झालं होतं.’’ मग मी वरच्या साहेबांकडे जाऊन ‘‘मला वाटलंच होतं,’’ असे म्हणत असे. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी पंचेचाळीस मिनिटे बोललो. आईवडिलांचे, गुरुजनांचे, वरिष्ठांचे, हिचे, फार काय, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचेही आभार मानले. राहिला तो हा एकटाच. तो त्या वेळी व्यासपीठामागे माइकची वायर हातात धरून उभा होता. ती सैल होती, सोडली की माझा आवाज जात होता.

शेवटचा भाग आम्ही पाहिला तेव्हा हिने विणकाम हातात घेतलेच नाही. मोर्स एक्झिटर कॉलेजच्या चौकात हिरवळीवर कोसळतो. इस्पितळात जाताजाता निरोप ठेवतो, की लुईसला माझे आभार सांगा. तेरा वर्षे, तेहतीस भाग, आणि आभार असे निरोपाने! लुईस त्या वेळी जवळ नसतोच. तो नंतर येतो आणि साहेबांच्या थंड कपाळावर ओठ टेकतो. १९९८ सालचा एक भाग सोडला तर तो कायम बरोबर होता, आणि नेमका तेव्हा नव्हता. पुढे २००६ पासून लुईसची स्वतःची मालिका निघाली. इन्स्पेक्टर झाला बिचारा. २०१५ साली ती संपली तेव्हा तिचेही भाग बरोबर तेहतीसच भरले. साहेबांपेक्षा एकही जास्त नाही. हाताखालची सवय अशी सहजी जात नाही.

रविवारी मुलगा आम्हाला ऑक्सफर्डला घेऊन गेला. आगगाडीने अर्धा तास. लोक बोडली ग्रंथालय पाहत होते, मी एक्झिटर कॉलेजचा चौक पाहायला गेलो. कात्रीने कापल्यासारखी हिरवळ. मी काठावर बराच वेळ उभा राहिलो. ही काही बोलली नाही. गाडीत मात्र म्हणाली, ‘‘नंबर आहे ना त्यांचा?’’

खुनी ओळखणारी बाई. तिला काय चुकणार?

घरी आल्यावर फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले असतील. इतक्या वर्षांनी माझा आवाज ऐकून तो गडबडून उठल्यासारखा म्हणाला, ‘‘साहेब? कुठली फाईल सापडत नाही?’’

‘‘फाईल नाही रे,’’ मी म्हणालो. ‘‘त्या दिवशी भाषणात तुझे आभार मानायचे राहिले होते.’’

पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले, वायर सुटली. मग तो हळूच म्हणाला, ‘‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’’

‘‘बरी आहे,’’ मी म्हणालो. ‘‘म्हणूनच फोन केला.’’