इंदूरच्या शाळा आणि हवामान शिक्षण

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा मार्ग मोकळा झाला. २००१-०२ पासून ‘राष्ट्रीय हरित सेना’ योजनेतून शाळाशाळांत इको क्लब निघाले. पाठ आले, भित्तिपत्रके आली. मुलांच्या रोजच्या वापराचा हिशेब मात्र बहुधा राहून जातो. तो शिकवायला इंदूरइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल.

नळाचे पाणी

होळकरांच्या काळात शहराची मदार बिलावली तलाव, यशवंतसागर यांवर होती. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी आले. ते सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी चढवून आणावे लागते. नदीपेक्षा इंदूर सुमारे ४०० मीटर उंच आहे. हजार लिटर पाणी एवढे उचलायला किमान एक युनिट वीज लागते. पंपांतील व वाहिनीतील घट वेगळीच. नववी-दहावीचा विद्यार्थी हे गणित स्वतः करू शकतो. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, म्हणून गळका नळ हा हवामानाचाही प्रश्न ठरतो. याच खर्चावर उपाय म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभारले, जलूदच्या ६० मेगावॅट सौर प्रकल्पासाठी.

डब्यातले उरलेले

ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन सुटतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यातून तयार होणाऱ्या बायो-सीएनजीवर शहरातील बस धावतात. मात्र उरलेल्या पोळी-भाजीत वेफर्सचे पाकीट गेले, तर ही साखळी वर्गातच तुटते.

शाळेने काय करावे?

१. दर सोमवारी पाणी व विजेच्या मीटरची नोंद मुलांनी घ्यावी.
२. आठवड्यातून एकदा ओल्या-सुक्या कचऱ्याचे वजन करावे.
३. नर्मदा येण्यापूर्वी पाणी कसे पुरवून वापरत, हे घरच्या आजी-आजोबांना विचारून लिहावे.
४. नोंदी दर महिन्याला मुख्याध्यापकांपुढे ठेवाव्यात.

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची. मुलांनी दाखवलेला गळका नळ आठवडाभरात दुरुस्त झाला, तर आपल्या मोजण्याला अर्थ आहे, हे त्यांना कळते. तो तसाच गळत राहिला, तर मुले तेही शिकतात.