काळ्या शाईचा ठसा

कुलाबा जिल्ह्याच्या पनवेल-उरण भागांतील चिरनेर हें डोंगरपायथ्याचें गांव. दिनांक २५ सप्टेंबर १९३० रोजीं तेथील अक्कादेवीच्या रानांत आसपासच्या गांवांतील आगरी, कातकरी, कोळी आदि लोकांनीं सरकारचा जंगल-कायदा मोडला. पोलिसांनीं गोळीबार केला आणि आठ गांवकरी प्राणांस मुकले. नाग्या महादू कातकरी हा त्यांपैकींच एक. त्याच्या साडेसहा महिने अगोदर, १२ मार्च रोजीं, गांधीजी साबरमतीहून मिठासाठीं दांडीकडे निघाले होते. मीठ काय किंवा सरपण काय, दोन्ही गोष्टी गरिबाच्या चुलीशीं बांधलेल्या. आणि म्हणूनच दांडीचा किनारा व चिरनेरचें रान हीं एकाच इतिहासाचीं दोन पानें होत.

या इतिहासाचें जें चित्र देशाच्या मनांत कायमचें ठसलें, तें कोणा दरबारी चित्रकाराच्या तैलरंगांतून उतरलेलें नाहीं. तें उतरलें लिनोलियमच्या एका तुकड्यावरून. शांतिनिकेतनांतील कलाभवनाचे आचार्य नंदलाल बसू यांनीं १९३० सालींच काठी टेकीत चालणाऱ्या गांधीजींची आकृति कोरली. काळ्या भूमीवर मोजक्या पांढऱ्या रेषा, पुढें पडलेलें पाऊल आणि किंचित् वांकलेली मान, इतकाच काय तो त्यांतील मजकूर. पार्श्वभूमीस समुद्र नाहीं, सैनिक नाहींत, गर्दी नाहीं. तरीही निघालेला माणूस आतां थांबणार नाहीं, हें पाहणारास तत्काळ समजतें.

असल्या चित्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. अळशीचें तेल आटवून त्यांत बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळावयाचा व तो लगदा तागाच्या कापडावर थापावयाचा, म्हणजे लिनोलियम तयार होतें. युरोपांत तें एकोणिसाव्या शतकांत घराची जमीन झांकण्यासाठीं निघालें. तें लांकडाहून मऊ असल्यामुळें त्यावर लहानशा हत्यारानें सहज कोरतां येतें. जेथें पांढरें हवें तो भाग काढून टाकावयाचा, जेथें काळें हवें तो राखावयाचा. मग रुळानें शाई लावून वर कागद दाबावयाचा. चित्र उलटें उमटतें, म्हणून कोरतांना उजवें डावें करून पाहावें लागतें. एकदां कोरलेली रेघ पुसतां येत नाहीं. परंतु एका ठशावरून पुष्कळ प्रती निघतात, आणि प्रत्येक प्रत ही अस्सलच असते, हें त्याचें मोठें वैशिष्ट्य.

छापील चित्र महाराष्ट्रास नवें नव्हतें. पुण्याची चित्रशाळा १८७८ सालीं निघाली. राजा रविवर्म्याचा शिळाप्रेस १८९४ सालीं मुंबईस सुरू होऊन पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. या छापखान्यांनीं देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोंचविल्या. परंतु तेथें मूळ चित्र एकाचें आणि छपाई दुसऱ्याची, असा प्रकार असे. ठसाकाराची गोष्ट निराळी. तो स्वतःच रेखाटतो, स्वतःच कोरतो आणि बहुधा स्वतःच छापतो. शांतिनिकेतनांत लांकडी ठशाच्या या आधुनिक रीतीस आंद्रे कारपेलेस या फ्रेंच विदुषीच्या शिकवणुकीनें १९२२ च्या सुमारास चालना मिळाली. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालबोध पुस्तकासाठीं नंदलालांनीं चित्रें कोरलीं, तींही १९३० सालींच.

असा कलावंत जेव्हां सामुदायिक प्रदर्शनांत आपली कृति मांडतो, तेव्हां त्याच्यापुढें एक अडचण उभी राहते. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली व तिच्या वार्षिक प्रदर्शनांनीं अनेक चित्रकारांस लौकिक दिला. १९३७ सालीं अमृता शेरगिल यांस तिचें सुवर्णपदक मिळालें तें तैलचित्राबद्दल. भव्य चौकटींतील रंगीत चित्रांच्या शेजारीं वीतभर काळापांढरा कागद टांगला, कीं प्रेक्षक तो ओलांडून सहज पुढें जातो. शिवाय ज्याच्या पंचवीस प्रती आहेत त्यास मोल कोणतें द्यावें, हाही प्रश्न संग्राहकास पडतो. जो गुण ठशास लोकांपर्यंत नेतो, तोच दालनांत त्याचा दोष ठरतो!

या कोड्याचें एक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर मिळालें. डिसेंबर १९३६ मध्यें पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलें अधिवेशन. मंडप व प्रदर्शन सजविण्यास गांधीजींनीं नंदलालांस बोलाविलें. बांबू, गवत, चटया अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्यांतूनच सर्व उभारावें, अशी अट होती. उद्घाटनाच्या भाषणांत गांधीजींनीं या मांडणीचें श्रेय स्थापत्यकार म्हात्रे आणि चित्रकार नंदलाल यांस दिलें. शेतकरी प्रेक्षक होऊन तेथें आला तेव्हां त्याच्याच शिवारांतील बांबू कलावस्तु होऊन त्याच्यासमोर उभा होता. पुढें १९३८ सालीं हरिपुऱ्यासाठीं नंदलालांनीं ग्रामजीवनाचीं चित्रफलकें रंगविलीं व शिष्यांनीं त्यांच्या हातानें नकला केल्या. चित्र एकाच भिंतीवर अडकून राहूं नये, ही ठसाकाराची वृत्ति तेथेंही दिसते. विनायक मासोजी यांच्यासारखा मराठी चित्रकार याच कलाभवनांत शिकला व तेथेंच शिक्षक झाला, हेंही महाराष्ट्रानें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उत्तर मुंबईंत घडलें. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचीं रेखाचित्रें काढणारे चित्तप्रसाद १९४६ च्या सुमारास मुंबईस आले व अंधेरीस राहिले. दुष्काळावरील त्यांचें पुस्तक सरकारनें जप्त करून नष्ट केलें होतें. मुंबईंत त्यांनीं शेतकरी, कामकरी व राबणारीं मुलें लिनोवर कोरलीं. पुस्तक जाळतां येतें. परंतु ज्याचा ठसा कलावंताच्या घरीं आहे तें चित्र पुन्हां छापतां येतें.

स्वातंत्र्योत्तर काळांत ठसाकारांस स्वतःचीं दालनें लाभलीं. भोपाळच्या भारत भवनानें १९८९ पासून केवळ छापचित्रांचें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरविलें. मान मिळाला हें योग्यच झालें. मात्र या कलेची खरी कसोटी पदकांत नाहीं. चिरनेरच्या हुतात्म्यांचीं नांवें आज स्मारकावर वाचावयास मिळतात. दरवर्षीं २५ सप्टेंबरला तेथें लोक जमतात. परंतु दांडीच्या पदयात्रेस लाभलें तसें सर्वतोमुखी झालेलें चित्र चिरनेरच्या रानास लाभलें नाहीं. नायकाची आकृति कोरणें तुलनेनें सोपें. नाग्यासारख्या अनामिकाची मुद्रा कोरणें कठीण, कारण ती आधीं कोणीं नीट न्याहाळलेली नसते. स्वस्त कागद, काळी शाई आणि एक धारदार हत्यार एवढ्यावर हें काम होऊं शकतें. उणीव असते ती पाहणाऱ्या डोळ्यांची.