मुंबईचें जहाज माझ्या मेजावर

मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें इंग्रजी आरमारासाठीं सागवानी जहाजें बांधलीं, हें मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. सन सांगितला कीं पुढचा धडा. सेवानिवृत्तीनंतर त्यांपैकींच ‘त्रिंकोमाली’चा लांकडी नमुना करावयास बसलों, तेव्हां आपण काय शिकविलें नाहीं तें उमगलें.

प्रथम कणा, मग फासळ्या, मग फळ्या. नाळेकडे वळवितांना माझी वीतभर फळी दोनदां तडकली. गरम पाण्यांत भिजवून हळूहळू वांकविली, तेव्हां कोठें ती बसली.

या जहाजाचे पहिले आराखडे ‘जावा’ नांवाच्या युद्धनौकेवरून येत होते. डिसेंबर १८१२ मध्यें अमेरिकनांनीं ती जिंकली आणि आराखडेहि गेले. पुढें १८१६ सालीं काम सुरू झालें. मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं पारशी रिवाजानें कण्यांत चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें.

आराखडा हरवला तर दुसरा काढतां येतो. परंतु फळी केव्हां वांकेल आणि केव्हां तडकेल, हें ज्ञान कागदावर उतरत नाहीं. लवजी नसरवानजी १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, तेव्हांपासून तें त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आलें होतें. तो हात तुटला असता, तर दुसरा आराखडा येऊनहि काय उपयोग होता?

‘त्रिंकोमाली’ आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेली आहे. माझ्या जहाजास अजून शिडें चढावयाचीं आहेत. नातू शेजारीं बसतो. सनावळी त्याला मागाहून सांगेन. तूर्त फळी त्याच्या हातीं दिली आहे.